सिमसाठी अंगठा दिला अन् बँक खातं उघडून बसलं: कसं शोधायचं, कसं दुरुस्त करायचं

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले तीन हजार पडले तेव्हा केज तालुक्यात आमच्या मावशीच्या गल्लीतल्या बायका पासबुक घेऊन बँकेकडं पळायल्या होत्या, अन् मावशी तीन चकरा मारूनही कोरं पासबुक घेऊन माघारी. "सगळ्याइचे पैसे पडले, माझेच काहून पडंनात रे?" बँकेतले साहेब दरवेळेस एकच सांगायचे, आधार लिंक आहे मावशी, वरूनच आले नसतील. फॉर्म मंजूर, केवायसी ओके, सगळं ओके, पैसे तेवढे नाहीत.

पोळ्याला गावी गेलो तेव्हा सहज तिचा मोबाईल घेऊन आधारच्या साईटवर बघितलं तर सरकारी पैशाचं खातं म्हणून भलत्याच बँकेचं नाव. वाचून दाखवलं तर मावशी म्हणती, "ही तर माझ्या सिमची कंपनी हाय, ही बँक कवा झाली?" मग मेसेज चाळले. रिचार्ज संपलं, अमुक पॅक घ्या, कॉलर ट्यून लावा, असल्या ढिगाऱ्यात इंग्रजीतला एक मेसेज, ३००० जमा. कंपनीची जाहिरात समजून तिनं तो उघडलाच नव्हता.

कंपनीचं नाव लिहीत नाही. सिम, वॉलेट अन् बँक तिन्ही एकाच घरात असलेल्या कंपन्या एकाहून जास्त आहेत, अन् छत्रीखाली बसलेलं पोरगं कमिशनवर असतं, आज हिचं सिम विकतं उद्या तिचं. पण त्या पोळ्यापासून गावात ज्याचे म्हणून अनुदानाचे, पीएम किसानचे, निराधारचे पैसे अडकले तो माणूस माझ्या डोक्याशी येऊन बसायलाय, त्यामुळं हे एकदाच सगळं लिहून ठेवतो म्हणजे लिंक पाठवून मोकळा.

आधी हे होतं कसं ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सोपं आहे.

मावशीनं २०२२ मध्ये केजच्या बस स्टँडबाहेर छत्रीवाल्याकडं सिम पोर्ट केलं होतं. मी सोबत होतो, माझ्या डोळ्यासमोरच झालं म्हणून जास्त लाज वाटती. मावशीचा अंगठा म्हणजे कापूस वेचून वेचून घासलेला, रेशन दुकानात पण दोन-तीनदा लावल्याशिवाय घेत नाही. पोरानं मशीनची काच शर्टाला पुसली अन् म्हणला, मावशी जोरात दाबा, सर्व्हर स्लो आहे. दाबलं. परत दाबा. मग दुसऱ्या हाताचा. मग अजून एकदा. चार वेळा थंब झाला, त्यानं फोटो काढला, ओटीपी विचारला, मावशीनं मोबाईल माझ्याकडं दिला अन् मी शहाण्यानं तो आकडा मोठ्यानं वाचून सांगितला. वरचं वाचलंच नाही. आता विचार करा, काच आपल्याकडं अन् स्क्रीन त्याच्याकडं. पहिला थंब लागला नाही म्हणून दुसरा मागितला, का पहिला लागला अन् दुसरा वेगळ्याच कामाचा होता, हे आपल्याला कुठून दिसणार? लाल लाईट तर सगळ्याला सारखीच लागती.

हे काही आमच्याच मावशीसोबत झालेलं नवल नाही. २०१७ मध्ये सगळ्यांचे मोबाईल नंबर आधारला जोडा म्हणून धावपळ चालू होती, आठवत असेल, तेव्हा एअरटेलनं सिमच्या आधार पडताळणीसोबत लोकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली अन् त्यातल्या बऱ्याच जणांना पत्ताच नव्हता. गॅसची सबसिडी तिकडं जमा व्हायला लागली तेव्हा बोंब झाली. त्या वेळच्या बातम्यांनुसार ३१ लाखांवर ग्राहक अन् १९० कोटींच्या आसपास रक्कम, ती नंतर लोकांच्या मूळ खात्यात माघारी द्यावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये आधारवाल्यांनी म्हणजे यूआयडीएआयनं त्यांचं ई-केवायसीचं लायसन्स काही काळ थांबवलं, मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ५ कोटींचा दंड केला. पेमेंट्स बँक म्हणजे काय तर अर्धी बँक, ठेव घेती, पण कर्ज देऊ शकत नाही अन् एका खात्यात दिवसअखेर २ लाखांच्या वर ठेवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी बँकेतल्या कित्येक साहेबांना पण नीट सांगता येत नाही. आधार "लिंक" असणं वेगळं अन् सरकारी पैसा त्या खात्यात येणं वेगळं. आधार लिंक तुमच्या चार बँकांत असू शकतं, ते झालं केवायसीपुरतं. सरकारी पैसा जातो तो एनपीसीआयकडं (बँकाबँकांतले पैसे इकडून तिकडं नेणारी देशपातळीवरची संस्था) एक यादी असती तिच्यावरून, तिला मॅपर म्हणतात. त्या यादीत तुमच्या आधार नंबरासमोर एकाच बँकेचं नाव असतं. नवीन बँकेनं आपलं नाव चढवलं की जुनं कटलं. सातबाऱ्यावर फेर ओढल्यासारखंच समजा, फरक इतकाच की तिथं तलाठ्याची नोटीस तरी येती, इथं हप्ता चुकल्यावरच कळतं. नियमानं नाव चढवायला तुमची संमती लागती, पण ती संमती म्हणजे त्या पोराच्या स्क्रीनवरची टिक, अन् ती टिक कोणी मारली ते आपण वर बघितलंच. म्हणून मावशीच्या बँकेतले साहेब खोटं बोलत नव्हते, त्यांच्याकडं आधार लिंकच होतं. मॅपरवर नाव दुसऱ्याचं होतं.

तपासायचं कसं

मोबाईलवर मायआधार पोर्टल उघडा, यूआयडीएआयचंच आहे, गूगलवर शोधताना वर जाहिरातीत येणारी भलती साईट उघडू नका, नावाच्या शेवटी सरकारी गव्ह डॉट इन आहे का ते बघा. आधार नंबर टाका, कॅप्चा टाका, आधारला जो मोबाईल जोडलाय त्याच्यावर ओटीपी येईल. आत गेलं की बँक सीडिंग स्टेटस असं एक बटण आहे, ते दाबा (सीडिंग म्हणजे मॅपरवर बँकेचं नाव चढवणं). आधारचे शेवटचे चार आकडे, बँकेचं नाव, चालू आहे का बंद, अन् कोणत्या तारखेचं आहे ते दिसतं. खाते नंबर दिसत नाही. तारीख मात्र लिहून घ्या, तक्रारीत तीच कामाला येती. मावशीच्या पानावरची तारीख पाहिल्यावरच मला छत्रीवालं पोरगं आठवलं.

तिथंच दुसरं बटण आहे ऑथेंटिकेशन हिस्टरीचं. तुमचं आधार कोणी कधी वापरलं, थंबनं का ओटीपीनं, पास झालं का फेल, अन् विचारणाऱ्या संस्थेचं नाव, हे ओळीनं येतं. पण मागच्या ६ महिन्यांचंच, अन् एका वेळेस ५० नोंदी. त्यामुळं दोन वर्षं जुना थंब सापडत नाही, मावशीचा नाहीच सापडला, कोणत्या दाबीला खातं उघडलं ते आजही सांगता यायचं नाही. म्हणून सिम घेतल्यावर, पोर्ट केल्यावर, कुठं पण थंब दिल्यावर त्याच आठवड्यात ही हिस्टरी बघायची सवय लावा. सिमच्या दुकानात एकदा गेलात अन् हिस्टरीत त्याच दहा मिनिटांत सिमच्या कंपनीखाली एक ओळ अन् बँकेच्या नावाखाली दुसरी ओळ दिसली तर समजून घ्या. लगेच स्क्रीनशॉट मारा.

मॅपरवर नाव नसलं म्हणजे खातं नाहीच असं पण नाही. खातं उघडून पडलेलं असू शकतं, फक्त सबसिडी तिकडं वळलेली नसती. त्यासाठी मेसेजमध्ये अकाउंट, वॉलेट, सेव्हिंग, बँक असे शब्द शोधा, वेलकम असला मेसेज हमखास सापडतो. किंवा कंपनीच्या ॲपमध्ये बँक नाहीतर पेमेंटचा कप्पा असतो तिथं बघा, पण जपून. खातं आधीच असलं तर तिथं एमपिन मागतो किंवा बॅलन्स दाखवतो, नसलं तर "सुरू करा" असं मोठ्ठं बटण येतं, अन् ते दाबत दाबत गेलात तर जे नाही ते उघडून बसाल. आमच्या भाच्यानं हेच केलं, आहे का नाही हे बघायला गेला अन् खातेदार होऊन आला. तिथून माघारी या, कस्टमर केअरला फोन करून विचारा.

माघारी वळवायचं कसं

इथं क्रम महत्त्वाचा आहे. लोक काय करतात, राग येतो, आधी खातं बंद करायला पळतात. आधी बंद करू नका. खातं बंद अन् मॅपरवर नाव तसंच, असं झालं तर पुढचा हप्ता लटकतो.

पहिलं काम, आपल्या खऱ्या बँकेत जायचं अन् "आधार लिंक करा" म्हणायचंच नाही. म्हणायचं, डीबीटीसाठी (म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआय सीडिंग करायचंय, दुसऱ्या बँकेतून या बँकेत आणायचंय. त्याचा संमतीचा फॉर्म असतो, त्यात नवीन सीडिंग अन् एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलवणं असे वेगवेगळे पर्याय असतात, हलवण्यावर टिक करा अन् आधीच्या बँकेचं नाव लिहा. पोच घ्या, शिक्का मारून. शिक्का नाही म्हणले तर फॉर्मचा त्यांच्या टेबलावरच फोटो काढा, मग शिक्का सापडतो. काही बँकांचं हे काम एनपीसीआयच्या साईटवरून घरबसल्या पण होतं, पण मावशीच्या वयाच्या माणसाला शाखेतच घेऊन जा.

मग दोन-चार दिवसांनी परत मायआधारवर स्टेटस बघा. नाव बदललं का, तारीख बदलली का. बदललं की दुसरं काम, तिकडं पडलेले पैसे काढणं. ते पैसे तुमचेच आहेत, कुठं जात नाहीत. त्या बँकेचं काम करणाऱ्या दुकानात थंबवर किंवा ओटीपीवर मिळतात, नाहीतर ॲपमधून आपल्या खात्यावर पाठवा. मावशीला दुकानदार म्हणला गल्ल्यात एवढी कॅश नाही, संध्याकाळी या. संध्याकाळी गेलो तर शटर खाली. तिसऱ्या दिवशी मिळाले, पण मिळाले पूर्ण. अन् इथं पण मशीन आपल्या बाजूला वळवून रक्कम बघूनच थंब द्या, हे परत परत सांगावं लागतं.

तिसरं काम खातं बंद करणं. अर्ज लेखीच द्या किंवा ईमेल करा, तोंडी बोलण्याला काही किंमत नाही. मी मावशीसाठी साधारण असं लिहिलं होतं, उचला अन् आपलं टाका:

"माझ्या मोबाईल नंबर अमुकवर आपल्या बँकेत खाते उघडलेले असल्याचे मला अमुक तारखेला आधार पोर्टलवरून समजले. हे खाते उघडण्यास मी संमती दिलेली नाही. सिम पोर्ट करताना घेतलेला माझा अंगठा व कागदपत्रे यासाठी वापरली गेली असावीत. खाते उघडल्याची तारीख, वेळ, ठिकाण, विक्रेत्याचा कोड व माझ्या संमतीची नोंद यांची प्रत मला द्यावी. शिल्लक रक्कम मी काढून घेतली आहे. खाते कायमचे बंद करून तसे लेखी कळवावे व माझी माहिती जाहिरातीसाठी वापरू नये."

यातली संमतीच्या नोंदीची ओळ गाळू नका. खातं बंद करा म्हणलं की ते आनंदानं बंद करतात अन् विषय संपतो, नोंद मागितली की फाईल वर जाती. मावशीच्या वेळेस आधी पाच दिवस कोणी विचारलं नाही अन् या मेलनंतर दुसऱ्याच दिवशी फोन, काय झालं ताई, कुठल्या दुकानात झालं.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं. फुकट आहे, वकील लागत नाही, त्यांचं सीएमएस म्हणून पोर्टल आहे, १४४४८ वर फोन करून विचारता येतं, ऑनलाईन जमत नसेल तर पोस्टानं चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात पाठवता येतं. आधी बँकेकडं तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतोच, म्हणून ती पोच अन् तो मेल जपा. सिमच्या बाजूची तक्रार असेल तर सिम कंपनीच्या १९८ वर करा अन् डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तिथं समाधान नाही झालं तर कंपनीच्याच अपील अथॉरिटीकडं ३० दिवसांत अपील. ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियम घालणारी सरकारी संस्था, ती एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, लोक उगाच तिकडं मेल करत बसतात. अन् खात्यातून पैसेच गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन. तो पहिल्या तासात लागला तर पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता राहती.

तुमच्या नावावर सिम किती

एकदा आधार हातातून गेलं की खात्यासोबत सिम पण निघतात. संचार साथी म्हणून दूरसंचार खात्याची साईट आहे, मे २०२३ पासून. त्यात आपल्या नावावरचे मोबाईल कनेक्शन बघायचा पर्याय आहे. नंबर टाका, ओटीपी टाका, यादी येती, मधले आकडे झाकलेले असतात. प्रत्येकापुढं तीन पर्याय, हा माझा नाही, हा माझाच पण नको, अन् हा लागतो. पहिलं निवडलं की तो नंबर तपासणीला जातो. नीट बघून निवडा, आमच्या शेजारच्या काकांनी पुण्यात शिकणाऱ्या पोरीचा नंबर "माझा नाही" करून टाकला, सिम काकांच्याच कागदावर काढलेलं हे विसरूनच गेले होते.

एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. जास्त निघाली तर २०२३ च्या टेलिकॉम कायद्यानं पहिल्यांदा ५० हजारापर्यंत दंड आहे, पुढच्या वेळेस २ लाखापर्यंत, म्हणून दुसऱ्यानं काढलेली सिम आपल्या नावावर ठेवणं परवडत नाही. या संचार साथीचं ॲप पण आहे. २०२५ च्या शेवटी सरकारनं ते प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्या असा आदेश काढला होता, लोकांनी ओरड केली की काही दिवसांत माघारी घेतला. मी साईटच वापरतो, काम तेवढंच होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हे जास्त ध्यान देऊन वाचा. दिवाळीच्या आसपास टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात, तिकडं रेंज येईना म्हणून नवं सिम काढतात, जुनं पेटीत पडून राहतं, रिचार्ज नाही. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकती. तुमचं आधार, बँक, सगळं त्याच जुन्या नंबरावर, अन् आता तो नंबर कोण्या भलत्याच गावच्या माणसाकडं. त्याला तुमचे ओटीपी जातात अन् तुम्हाला सीडिंग स्टेटस बघायला पण ओटीपी येत नाही. म्हणून नंबर बदलायचा असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर जोडा, फी ७५ रुपये आहे, मग बँकेत जोडा, मग जुनं सिम सोडा. उलटं केलं की अर्धं वर्ष चकरा.

छत्रीखाली बसल्यावर

झेरॉक्स मागितली तर विचारा कशाला. १ जानेवारी २०२४ पासून सिमसाठी कागदी केवायसी बंद झालीय, सगळं मोबाईलवरच होतं. तरी पण कोणी ठेवून घेतच असेल तर झेरॉक्सवर आडवं लिहा, फक्त सिमसाठी, तारीख, अन् सही, अक्षरं आधार नंबरावरून गेली पाहिजेत.

आधारच द्या असं पण नाही. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१८ मध्ये सिमसाठी आधारची सक्ती काढून टाकली, नंतर २०१९ मध्ये कायद्यात बदल होऊन स्वखुशीनं देता येतं एवढंच राहिलं. मतदान कार्ड, लायसन्स, पासपोर्ट चालतो. छत्रीवालं पोरगं म्हणतं सिस्टिम घेतच नाही. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो कारण आधारनं त्याचं दोन मिनिटांत होतं अन् दुसऱ्या कागदाला वीस मिनिटं लागतात. वेळ असेल तर कंपनीच्या मोठ्या दुकानात जा, तिथं ऐकतात.

आधारच द्यायचं ठरलं तर थंब द्यायच्या आधी म्हणायचं, स्क्रीन दाखव. यात लाजायचं काही नाही. एक थंब फेल गेला तर फेल आलेलं दाखव म्हणायचं, मग दुसरा द्यायचा. ओटीपी सांगायच्या आधी अख्खा मेसेज वाचायचा, त्यात बँक, अकाउंट, सेव्हिंग, वॉलेट यातलं काही दिसलं तर आकडा सांगायचा नाही. मोबाईल त्याच्या हातात तर द्यायचाच नाही, "द्या मीच टाकतो" हे सगळ्यात वाईट. म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी येत नाही हे खरंय, मावशीला मी शब्द वाचायला नाही, आकार ओळखायला शिकवलं. बँकेच्या बोर्डावर जे अक्षर आहे ते मेसेजमध्ये दिसलं की बोलायचं नाही. तिला जमतंय.

आधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, लॉक असलं की कुठंच थंब चालत नाही, लागलं की थोड्या वेळापुरतं उघडायचं. शहरातल्या माणसानं डोळे झाकून लॉक करून टाकावं, मी केलंय. पण गावाकडं महिन्याचं रेशन थंबवर आहे, बँक मित्राकडून पैसे थंबवर, निराधारवाल्यांचा हयातीचा दाखला थंबवर. मावशीचं लॉक केलं अन् मी आंबाजोगाईत, ती रेशनच्या लाईनीत, मशीन घेईना, फोनवर फोन. दोन महिन्यांत काढून टाकलं. घरात मोबाईल समजणारं पोरगं असेल तरच करा.

जाहिराती अन् ॲप

हे थोडक्यात सांगतो. १९०९ ला कॅपिटल अक्षरांत स्टार्ट लिहून एक स्पेस अन् शून्य असा इंग्रजीत मेसेज पाठवला की जाहिरातीचे सगळे प्रकार बंद होतात, बँकेचे जमा-नावेचे मेसेज चालूच राहतात. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर येतं, जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरात. मावशीच्या वेळेस हे नव्हतं, असतं तर तो तीन हजाराचा मेसेज कदाचित सापडला असता. कंपनीच्या ॲपला कॉन्टॅक्ट, लोकेशन, मेसेज असल्या परवानग्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, रिचार्ज करायला यातलं काहीही लागत नाही, बंद करून बघा, रिचार्ज होतंच.

नवा कायदा आहे का तर आहे. डेटा प्रोटेक्शनचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, अन् कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागतील म्हणजे मे २०२७. त्यात लिहिलंय की संमती कशासाठी ते स्पष्ट सांगूनच घ्यायची, एका कामाची दुसऱ्याला वापरायची नाही, जितक्या सोप्यात दिली तितक्याच सोप्यात माघारी घेता आली पाहिजे, अन् संमतीची नोटीस मागितली तर मराठीत पण मिळाली पाहिजे. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर दंड २५० कोटींपर्यंत. छत्रीखाली मराठीत नोटीस वाचून दाखवणारं पोरगं बघायची मला लई इच्छा आहे.

मावशीचं खातं सतराव्या दिवशी बंद झालं, पत्र इंग्रजीत आलं. संमतीची नोंद पण जोडली होती, त्यात तिच्या नावापुढं टिक होती, केजचा पत्ता होता, अन् फोटो होता. फोटोत मावशी पदर सारखा करायलीय अन् मागं अर्धा मी दिसायलोय, मोबाईल हातात धरून ओटीपी वाचताना.